बाब्याच्या डोक्याचं बिल

बाब्याचं वय बेचाळीस, डोक्यावर ऐसपैस टक्कल, दोन मुली कॉलेजात. पण ताईच्या तोंडी तो बाब्याच राहिला. तिचं ऐकून कामावरच्या बायकाही त्याला पाठीमागे बाब्याच म्हणायच्या आणि समोर ‘सर’ म्हणताना हसू दाबायच्या. दोघा भावंडांचा कारखाना म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. ‘कारखाना’ हा शब्द खालच्या टायरवाल्याने दिलेला, निम्मा कौतुकाने, निम्मा चेष्टेने. खालून रबराचा वास वर यायचा, वरचा सोल्डरिंगचा धूर खिडकीतून बाहेर जायचा, आणि ताई घरी पोचली की तिच्या कपड्यांना दोन्हींचा वास यायचा.

या खोलीत एक डबी तयार व्हायची. तळहाताएवढी, पांढरी. लसींच्या फ्रीजवर ती चिकटवायची आणि तिची बारीक वायर आत सोडायची. फ्रीज ठरल्यापेक्षा जास्त तापला की डबी स्वतःहून सिस्टरला फोन लावायची आणि ताईच्या आवाजात सांगायची, “सिस्टर, फ्रीज तापतोय. लवकर या.”

याची सुरुवात मावसबहिणीमुळे झाली. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर. एकदा लागोपाठ सुट्ट्या आल्या, मधे कधीतरी वीज गेली आणि कधीतरी परत आली. ही कामावर आली तेव्हा फ्रीज गारच होता. पण आतल्या पट्ट्यांतला बर्फ वितळून परत गोठल्यासारखा वेडावाकडा दिसला. लसी चांगल्या की वाया गेलेल्या, कोण सांगणार? तिने भीतीपोटी सगळ्या फेकल्या, आणि फेकल्या म्हणून वरून तिलाच मेमो आला. ताईच्या स्वयंपाकघरात बसून ती रडली. बाब्या तिथेच जेवत होता. हात धुऊन आल्यावर फक्त म्हणाला, “बंद पडायचं तर पडू दे, पण मेल्याने ओरडायला तर पाहिजे.”

पुढे बरीच वर्षं तो त्या ओरडण्यामागे होता. आधी भोंगा लावला. कुलूपबंद दवाखान्यात भोंगा ऐकणार कोण? मग मेसेज पाठवून बघितला. मेसेज कोण वाचतं? शेवटी फोन. आणि आवाज ताईचा. “तुझा फोन आला की माणूस दचकून उठतो,” तो म्हणाला, “लहानपणापासूनचा अनुभव आहे.”

ताईने विमा कंपनीतली नोकरी सोडली आणि विक्रीचं बघायला लागली. दवाखान्याच्या डॉक्टरांना किरकोळ खरेदीचा अधिकार असायचा, त्यात एखादी डबी सहज बसायची. एका दवाखान्याने घेतली की शेजारच्याची सिस्टर विचारायला यायची. हळूहळू जिल्ह्यातल्या बऱ्याच फ्रीजवर ताईचा आवाज जाऊन बसला. एकदा बसमध्ये ती कुणाला तरी “जरा सरकता का?” म्हणाली, तर पलीकडची बाई ताडकन वळली. “अगं बाई! फ्रीजवाल्या ना तुम्ही?” ताईला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

मग नवा नियम आला.

नियम वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. उलट पेपरात बातमी वाचून बाब्याने मशीन बंद केलं आणि बायकांना अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली. सरकार यापुढे आपल्याच देशात बनलेला माल घेणार होतं. बाहेरून आयात केलेल्या तयार मालाला दार बंद. आणि दवाखान्यांची किरकोळ खरेदीही बंद. सगळ्या दवाखान्यांसाठी एकच मोठं टेंडर, एकदम.

“आता दारोदार फिरायला नको तुला,” बाब्या म्हणाला. “एका सहीत सगळं राज्य.”

“टेंडर म्हणजे भानगड असते रे.”

“कसली भानगड? आपल्याशिवाय इथे हे बनवतं कोण?”

ताईही हसली.

टेंडरची कागदपत्रं घेऊन दोघं टॅक्सवाल्या काकांकडे गेली. काका वडिलांचे मित्र, गल्लीतल्या निम्म्या दुकानांचे हिशेब त्यांच्याकडे. टेबलावर फायलींचे असे डोंगर की पाहुण्याला काकांचा फक्त चष्मा आणि कपाळ दिसायचं. त्यांनी अटी दोनदा वाचल्या, आणि चष्मा काढून पुसला. काकांनी चष्मा पुसला की काहीतरी अडलंय, हे ताईला ठाऊक होतं.

“मालाची निम्मी किंमत तरी इथली पाहिजे,” काका म्हणाले. “डबीत काय काय असतं, सांग.”

बाब्याने सांगितलं. मेंदूचं काम करणारी चिप बाहेरची. ती इथे कोणीच बनवत नाही. फोन लावणारा तुकडा बाहेरचा. तापमान ओळखणारा सेन्सर बाहेरचा. बॅटरी बाहेरची.

“इथलं काय?”

“प्लास्टिकची डबी. वायर. बायकांची मजुरी. आणि…” बाब्याने आपल्या टकलावरून हात फिरवला. “बाकी सगळं हेच की. त्या तुकड्यांना काय करायचं ते कोण सांगतं? ते मी लिहिलंय. सर्किट माझं. चार वर्षं गेलीत त्यात माझी.”

“त्याचं बिल आहे?”

“बिल? मी मलाच बिल कसं लावू?”

“तेच तर. किंमत बिलावरून धरायची असं इथे स्वच्छ लिहिलंय. स्वतःच्या डोक्याचं बिल नाही, म्हणजे शून्य.” काकांना स्वतःलाच ते बोलणं आवडलं नाही. ते घाईघाईने पुढे म्हणाले, “मी नाही म्हणत. कागद म्हणतो.”

ताईने विचारलं, “मग या अटीत बसतं तरी कोण?”

बसणारा निघाला. त्याला बाजारात सगळे कंटेनरवाला म्हणायचे, कारण त्याचा माल कंटेनर भरूनच यायचा: कधी पंखे, कधी वजनकाटे, ज्याची मागणी असेल ते. त्याने परदेशातून तयार डब्या मागवल्या होत्या, फक्त झाकणं सुटी, म्हणजे कागदावर तो तयार माल नाही. गावाबाहेर एक शेड भाड्याने घेऊन तिथे चार-चार स्क्रू पिळायची व्यवस्था केली. शेडचं भाडं इथलं, स्क्रू पिळणाऱ्यांचा पगार इथला, खोकी इथली, वाहतूक इथली. आणि डबीच्या आतली जी आज्ञावली आधीच भरून आलेली, तिचे हक्क म्हणून मेहुण्याच्या कंपनीचं भलंमोठं बिल लावलं. मेहुणाही अर्थात इथलाच. सगळं धरून त्याची डबी निम्म्यापेक्षा कितीतरी जास्त ‘आपली’ झाली. कागद एकही खोटा नव्हता.

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात,” काका म्हणाले. “इथे म्हणच उलटी झाली बघ.”

कोणी हसलं नाही.

काकांनीच मग वाट सुचवली. बाब्याने बायकोच्या नावाने दुसरी कंपनी काढायची आणि तिथून डिझाइनचं बिल या कंपनीला लावायचं. “यात खोटं काही नाही. काम तू केलंच आहेस.” बाब्या आधी कां-कूं करत होता. “बायको मलाच माझ्या डोक्याचं बिल लावणार, आणि ते मीच भरणार,” असं म्हणत हसूही आलं त्याला. पण आकडे मांडायला बसले तेव्हा खरा पेच कळला. बाहेरच्या तुकड्यांना तोलायचं तर डोक्याचं बिल तेवढंच मोठं हवं. आणि बिल तेवढं मोठं धरलं की डबीची किंमत जवळजवळ दुप्पट. टेंडर तर सर्वांत स्वस्त देणाऱ्यालाच. कंटेनरवाला हजारांनी माल उचलायचा, त्याला अख्खी डबीच पाण्याच्या भावाने मिळायची. किंमत खाली आणावी तर टक्के घसरत, टक्के वर न्यावेत तर किंमत चढे. इकडे आड, तिकडे विहीर. बाब्या पेन्सिलीने पुन्हा पुन्हा खोडत राहिला. सर्किटमधली चूक तो अशीच शोधायचा. पण इथे चूक कुठेच नव्हती.

ताई खरेदी अधिकाऱ्याकडे गेली. ओळखीचे होते, पूर्वी त्यांच्याच मंजुरीने बऱ्याच डब्या बसल्या होत्या. साहेबांनी तिला बसवलं, स्वतः उठून पंखा तिच्याकडे वळवला आणि सगळं ऐकून घेतलं. ताईला वाटत होतं, चिडतील, टाळतील, निदान घड्याळाकडे बघतील. यातलं काहीच झालं नाही.

“ताई, एक सांगू?” ते म्हणाले. “हा नियम यावा म्हणून पहिली नोट मी लिहिली होती. तुमचंच उदाहरण दिलं होतं त्यात. ‘जिल्ह्यातल्या एका छोट्या उद्योगाने’ असं.”

ताई खुर्चीत पुढे सरकली.

“वर गेली नोट. समिती बसली. मोजणार कसं, हा प्रश्न आला. डोकं कसं मोजायचं? मग बिलावर आले सगळे. बिल मोजता येतं ना.”

“मग आता तुम्ही सांगा ना त्यांना. ही अट बदला म्हणावं.”

“आता बदलली तर लोक म्हणणार, तुमच्यासाठी बदलली. पलीकडचा दुसऱ्या दिवशी कोर्टात. चौकशीत पहिला मी, दुसऱ्या तुम्ही. आणि नोटेत तर तुमचं उदाहरण आहेच.” ते खिन्न हसले. “चांगल्या हेतूने दिलं होतं ते, आता पक्षपाताचा पुरावा ठरेल.”

“म्हणजे काहीच करता येणार नाही?”

“आक्षेप नोंदवा. मी नोंद करून घेतो.”

ताईला कुणावर तरी रागवायचं होतं. कंटेनरवाल्यावर रागवावं तर तो नियमाने वागलेला. काकांवर रागवावं तर ते फी न घेता डोकेफोड करत होते. आणि हे समोरचे साहेब तर तिच्याहून जास्त पडलेल्या चेहऱ्याने बसलेले. तिने आक्षेप लिहून दिला. साहेबांनी त्यावर शिक्का मारला, तिला जिन्यापर्यंत सोडायला आले, आणि म्हणाले, “घरी सगळे बरे?” ती “हो” म्हणाली.

टेंडर कंटेनरवाल्याला गेलं. आक्षेपाचं उत्तर आलं की अट सर्वांना समान होती.

थोड्याच दिवसांनी कंटेनरवाला स्वतः जिना चढून वर आला. दम लागला होता त्याला. रबराच्या वासाने रुमाल नाकाशी धरलेला. पण बोलायला गोड माणूस. आल्याआल्या ताईला नमस्कार केला, बायकांची चौकशी केली, टेबलावरची डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

“सुंदर काम आहे,” तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. “आमच्या डबीला हे फोनचं जमत नाही. ती राजधानीतल्या पडद्यावर लाल दिवा लावते. तिथे बसलेल्या पोराला कळायला पाहिजे ना, कुठला दवाखाना, कुठली सिस्टर! मला इथला माहितगार माणूस हवाय.” तो बाब्याकडे वळला. “तुम्ही या. तांत्रिक प्रमुख. पगार तुम्ही सांगाल तो.”

बाब्या टेबलावरच्या वायरी गुंडाळायला लागला. ताईने विचारलं, “एवढा पगार परवडेल तुम्हाला?”

“परवडेल कसा नाही? पुढच्या वर्षी टक्क्यांची अट वाढणार आहे. यांचा पगार म्हणजे इथला खर्च. तेवढे टक्के माझे वाढतात.”

तो सहज बोलून गेला, त्यात टोमणा नव्हता. पण खोलीतलं काम थांबलं. तिन्ही बायकांनी माना वर केल्या. इतके दिवस काकांच्या टेबलावर ज्या डोक्याची किंमत शून्य लागत होती, ते दुसऱ्याच्या पगारपत्रकावर चढलं की टक्के होणार होते. डोकं तेच, टक्कलही तेच.

“विचार करा,” म्हणून कंटेनरवाला खाली उतरला. जाताना त्याने डबी होती तशी जागेवर ठेवली.

असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी स्कूटर काढताना, ताई मागे बसायच्या आधीच, बाब्या हँडलकडे बघत म्हणाला, “धाकटीची फी भरायची आहे.”

“माहीत आहे मला.”

“तू नको म्हणालीस तर नाही जाणार मी.”

ताईच्या अगदी जिभेवर आलं होतं, नको जाऊस. पण ‘नको’ म्हणून पुढे काय? दवाखान्यांची किरकोळ खरेदी बंद, टेंडर हातचं गेलेलं, आणि ही डबी सरकारी दवाखान्याशिवाय घेणार कोण? शाळेच्या परीक्षेला याला हात धरून नेलं होतं, लग्नात याच्या मागे उभी राहिली होती, वडील गेले तेव्हा याला जवळ घेऊन बसली होती. या वेळी त्याला द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

“जा,” ती म्हणाली. “आणि पगार चांगला घसघशीत सांग. लाजू नकोस.”

“ताई…”

“चल, स्कूटर सुरू कर. ऊन लागतंय.”

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने मन घट्ट केलं असतं. पण घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तसं झालं. करारात एक कलम होतं: सगळ्या दवाखान्यांत एकसारखीच यंत्रणा हवी, आधीची काढून टाकावी. काढायचं काम ज्याला ती माहीत त्याचं. म्हणजे बाब्याचं. गळ्यात नवं ओळखपत्र अडकवून तो दवाखान्या-दवाखान्यांतून फिरला, आपल्याच हाताने लावलेल्या डब्या सोडवल्या आणि खोक्यांत भरल्या. काही सिस्टर त्याच्याशी भांडल्या. एकीने तर डबी औषधांच्या कपाटात लपवून ठेवली. तपासणीत सापडली, तिला समज मिळाली. मावसबहिणीने ताईला फोन करून विचारलं, “हा असा कसा गं वागतो?” ताई म्हणाली, “तो नाही वागत गं,” आणि तिने फोन ठेवला.

टायरच्या दुकानावरचा कारखाना आणखी काही महिने कसाबसा चालला. ताईने कोंबड्यांच्या शेडसाठी, आइसक्रीमच्या दुकानासाठी डबी चालते का बघितलं. आइसक्रीमवाला म्हणाला, “वितळलं तर मला दिसतंच की.” तिघींपैकी दोघी कंटेनरवाल्याच्या शेडमध्ये स्क्रू पिळायला गेल्या. जाण्याआधी ताईला विचारायला आल्या होत्या. तिने त्यांनाही ‘जा’च म्हटलं. तिसरीला ताईने स्वतःच सांगितलं की आता बोलवणार नाही. सांगताना ताईचाच आवाज फुटला, तर ती बाईच ताईची समजूत काढत बसली. टायरवाल्याला वरची खोली जुने टायर ठेवायला हवीच होती.

उन्हाळ्यात एके दिवशी ताई मावसबहिणीच्या दवाखान्यात गेली, तिच्यासाठी घरून आणलेलं काही सामान द्यायला. लसीकरणाचा दिवस होता. ओटीपासून फाटकापर्यंत बाया बसलेल्या. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या खांद्यावर मूल. आतून मावसबहीण बाहेर आली ती हात हलवतच.

“आज नाही. सगळ्यांनी परत जा. फ्रीज बिघडलाय.”

फ्रीज आदल्या दिवशीपासून तापत होता. राजधानीतल्या पडद्यावर लाल दिवा लागलाही होता. तिथून फोन आला तो आज सकाळी, तुमचा फ्रीज काल तापला होता का, हे विचारायला. आता लसी फेकून देणंच तेवढं उरलं होतं.

बाब्या आत होता. नव्या डबीच्या दुरुस्तीला बोलावलं होतं. ओळखपत्र शर्टाच्या खिशात खोचून तो फ्रीजसमोर स्टुलावर बसला होता. हत्यारांची पिशवी पायाशी, न उघडलेली. ताईला बघून त्याने मान वर केली आणि खाली घातली.

“काय झालंय?” तिने विचारलं.

“डबीतली भोंग्याची वायर सुटलीय बहुतेक. त्यामुळे काल इथे तो वाजलाच नाही.”

“मग लाव की.”

“डबीला सील आहे. इथे उघडायचं नाही. राजधानीला पाठवायचं, तिथे उघडणार.” तो नखाने सीलच्या कडेला खरवडत होता, लहान मुलं करतात तसं, सील तुटणार नाही इतपतच. “उघडलं तर हमी जाते. आणि दंड सिस्टरना बसतो, मला नाही. म्हणून नाही उघडत.”

“नवी कधी येईल?”

“मागणी नोंदवली आहे.”

मावसबहीण ट्रे घेऊन आत आली. तिने दोघांकडेही बघितलं नाही. एकेक बाटली मोजून ती पिशवीत टाकत गेली. बाटली बाटलीवर पडल्याचा आवाज येत होता. बाब्या उठून तिला मदत करायला लागला, तशी ती म्हणाली, “राहू दे, माझी सही लागते,” आणि तो पुन्हा स्टुलावर बसला.

ताई बाहेर आली. बऱ्याच बाया उठून निघाल्या होत्या. एक मात्र ओटीवर तशीच बसून होती, मांडीवरचं बाळ पंच्याने झाकून. लांबून आलेली दिसत होती. पायांवर धुळीची पुटं. ताईच्या खांद्याला पर्स आणि हातात पिशवी बघून तिला वाटलं असावं, ही इथलीच कुणीतरी.

“बाई,” तिने विचारलं, “मग परत कधी येऊ?”

ताईने आतल्या दाराकडे बघितलं. बाब्या तिथे फ्रीजला टेकून बसला होता. सिस्टर पिशवीला गाठ मारत होती.

“मला नाही गं माहीत,” ताई म्हणाली. “थांब, विचारून येते.”

ती आत गेली, विचारलं, आणि बाहेर येऊन तिला सांगितलं, की त्यांनाही माहीत नाही.